दिवसा तपासलेले दिवे

माझा थोरला भाऊ गाडी चालवता चालवता झोपला आणि रेडिओ गेली. लोकांना एवढंच माहीत आहे आणि लोक एवढंच बोलतात. रेडिओ म्हणजे हॉस्पिटलातली एक नर्स. तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाही, म्हणून बरोबरच्या नर्सांनीच तिला ते नाव ठेवलं होतं, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. दादा या नर्सांची व्हॅन चालवायचा. रात्री अकराला पाळी सुटली की सात-आठ जणींना गावाबाहेरच्या वसाहतीत सोडायचं, परत यायचं, उरलेल्यांना घेऊन पुन्हा जायचं. अशा तीन खेपा. बारा वर्षांत त्याने कुणाला साधं खरचटू दिलं नव्हतं.

आणि मी त्या व्हॅनचे दिवे बघायचो. हॉर्न, वायपर, बॅटरी, वायरिंग सगळंच बघायचो, पण आमच्या भागात माझी ओळख दिवेवाला अशीच. गॅरेजांच्या रांगेतला शेवटचा गाळा माझा. एकवीस वर्षं मी गाड्यांच्या दिव्यांवर पोट भरलं, आणि या एकवीस वर्षांत मी दुरुस्त केलेला एकही दिवा रात्री रस्त्यावर कसा पडतो ते बघायला गेलो नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. आमच्या धंद्याची रीतच तशी. सकाळी नऊला शटर वर, संध्याकाळी सहाला खाली. दिवे दुरुस्त करायचे भर उन्हात, चार पावलांवरच्या भिंतीवर पाडून बघायचे, भिंत उजळली की गिऱ्हाइकाला म्हणायचं, जा, झालं तुमचं काम.

मालकाच्या तीन व्हॅन होत्या आणि दादाची त्यातली सगळ्यात जुनी. हेडलाइटची काच म्हणायची आपली सवय, असतं ते प्लास्टिक. ऊन खाऊन खाऊन ते पिवळं पडतं, दुधावर साय धरावी तसा त्याच्यावर पापुद्रा धरतो. मी मालकाला म्हटलं, जोडी बदलून टाकू. मालक गोड बोलून काम काढून घेण्यात पटाईत. म्हणाला, ‘अरे, तू एवढा कलाकार माणूस आणि नवी जोडी कसली मागतोस? हात फिरव की जरा.’ कलाकार म्हटल्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

हात फिरवणं म्हणजे काय, तर पॉलिशपेपर ओला करून वरचा पिवळा थर घासून काढायचा. आधी जाड पेपर, मग बारीक, मग मऊ फडक्याने पॉलिश आणि शेवटी लॅकरचा फवारा. अर्ध्या दिवसात दिवा नवा कोरा. पण त्या पिवळ्या थराबरोबर कारखान्यातून आलेलं संरक्षणही निघून जातं. तीन-चार महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते, आणि या वेळी तिच्यात बारीक बारीक तडे जातात. तोवर गाडीचं पासिंग झालेलं असतं. पुढच्या पासिंगला पुन्हा घासायची. आमच्या रांगेत सगळेच हे करतात, आणि याला कुणी फसवणूक म्हणत नाही, पासिंगची तयारी म्हणतात.

दुसरी अक्कल माझी स्वतःची. उजेड कमी पडतो असं दादा म्हणाला, तर मी साठचा बल्ब काढून शंभरचा बसवला. भिंतीवर असा झोत पडला की डोळे दिपले. दादा खूश, मीही खूश. पण शंभरचा बल्ब त्या प्लास्टिकच्या पोटात भट्टीसारखा तापतो. आतला चंदेरी रिफ्लेक्टर हळूहळू करपत जातो, तपकिरी होतो, आणि मग बल्ब कितीही जळला तरी उजेड पुढे फेकायला आत काही उरत नाही. तो गाडीच्या नाकासमोरच सांडून राहतो. जवळचं सगळं धुरकट पांढरं, आणि त्याच्यापुढे मिट्ट काळोख. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. पण दिवसा, चार पावलांवरच्या भिंतीवर, करपलेला दिवाही झकास दिसतो.

मग दादाला थकवा यायला लागला.

पन्नाशीला दोन वर्षं कमी, उभ्या आयुष्यात सर्दीला औषध न घेतलेला माणूस. एक दिवस गाळ्यात येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, ‘रात्री बारानंतर मला काय होतं कळतच नाही रे. आधी मान आखडते. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. मी पुढे वाकून वाकून रस्त्याची कड शोधतो. सापडली म्हणेपर्यंत हरवते. समोरून एखादी गाडी गेली की पुढे थोडा वेळ नुसता अंदाजाने चालवतो. दुसऱ्या खेपेला डोकं जड होतं आणि झोप येते. येते म्हणजे काय, उचलूनच नेते.’

‘वय झालं तुझं,’ मी म्हणालो. ‘आता नातवंडं खेळवायची तयारी कर.’

‘आधी पोरांची लग्नं तरी होऊ देत,’ तो म्हणाला आणि आम्ही दोघेही हसलो.

त्यानंतर त्याने काय काय केलं ते मला पाठ आहे. डोळे तपासून चष्मा घेतला. रक्त तपासलं, रक्तात काही निघालं नाही. जेवणाने सुस्ती येते असं कुणीतरी सांगितलं म्हणून वहिनीने त्याचं रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं. थर्मासभर चहा. डोळ्यांखाली बाम, इतका की तो आला की आधी वास यायचा. दिवसा नीट झोप व्हावी म्हणून खोलीला जाड पडदे लावले, आणि दोन्ही पोरांनी घरात कुजबुजतच बोलायचं असा नियम झाला. अख्खं घर दादाच्या झोपेच्या मागे लागलं होतं. दिव्यांचा विषय कुणाच्याच तोंडून निघाला नाही, कारण दिवे बघणारा घरचाच माणूस होता.

नाही, एकदा निघाला. दादाच म्हणाला, ‘एक रात्र येतोस का माझ्याबरोबर? एकच खेप. तू दिव्यांतला माणूस, बघ तरी काय आहे ते.’

‘दादा, मला सकाळी नऊला गाळा उघडायचा असतो. तूच दुपारी गाडी आण ना, बघून देतो.’

त्याने दुपारी आणली. झोप मोडून आणली. मी भिंतीवर दिवे पाडले, अप्पर बघितला, डिप्पर बघितला, भिंत लख्ख उजळली. ‘झकास आहेत,’ मी म्हणालो. दादाने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि तो घरी झोपायला गेला.

मध्यंतरी आठवडाभर दादाची व्हॅन ब्रेकच्या कामाला उभी होती आणि मालकाने त्याला नवी व्हॅन दिली. त्या आठवड्यात वहिनी आमच्याकडे आली ती हसतच. ‘भावजी, तुमच्या दादांना झालंय तरी काय? पहाटे घरी येतात ते ताजेतवाने. काल तर येऊन नळाला वायसर घातला आणि मीठ कमी पडलं म्हणून माझ्याशी भांडलेसुद्धा. वर्षभरात भांडायला त्राण नव्हतं हो त्यांच्यात.’

मी ऐकलं, आणि मला कळलं. अर्धवट नाही, पुरतं कळलं. नव्या व्हॅनचे दिवे नवे होते, त्यांना कुणी घासलं नव्हतं. पण ते बोलायचं म्हणजे मालकाकडे जाऊन सांगायचं, की मी घासलेले दिवे कुचकामी आहेत, माझा बल्ब चुकीचा आहे, आणि पासिंगच्या कागदांना जोडलेल्या चिठ्ठीवर ‘दिवे ठीक’ म्हणून जी माझी सही आहे ती खोटी आहे. माझ्या अगदी जिवावर आलं. ‘हवापालट झाला असेल,’ मी वहिनीला म्हणालो, आणि वेळ मारून नेली.

तरी मनाला टोचणी होतीच. म्हणून दादा जुन्या व्हॅनवर परत गेला तेव्हा मी त्याला एक शक्कल सुचवली. माझी शक्कल, माझ्याच डोक्यातून निघालेली. ‘पुढच्या सीटवर कुणीतरी बोलघेवडं बसव. कानाशी बडबड चालू राहिली की माणूस झोपत नाही.’

बोलघेवडं माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. रेडिओ तोवर मागे खिडकीपाशी बसायची, तिची ठरलेली जागा. दादाने विचारल्याबरोबर ती पुढे आली. म्हणाली, ‘भाऊ, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बोल म्हणतंय. मी काय सोडते की काय!’ ती दुसऱ्या खेपेला असायची, म्हणजे दादाला सगळ्यात जड जायची त्या खेपेला. पाऊण तास ती एकटी बोलायची. मेट्रनच्या चपलांचा आवाज, रोज संध्याकाळी तिला लग्नाची मागणी घालणारा ऐंशी वर्षांचा पेशंट, तिच्या सात वर्षांच्या मुलाचे पराक्रम. आणि तिची एक अट होती. दर दोन-चार वाक्यांना दादाने हुंकार द्यायचा. ‘हूं म्हणा भाऊ, नाहीतर गोष्ट बंद,’ असं ती दटावायची. हूं आला नाही की ती त्याच्या दंडावर चापट मारायची. मागच्या नर्सा तिच्या जिवावर निवांत डोळे मिटायच्या.

दोन महिने हे छान चाललं. दादा घरी येऊन तिच्या गोष्टी सांगायचा. मी तर ही माझी शक्कल म्हणून रांगेतल्या चार जणांना ऐकवली.

खाणीजवळच्या वळणावर रस्त्याचं काम चालू होतं. कामगार रोलर कडेला उभा करून गेले होते, त्याला लाल कापड बांधलेलं होतं. एका रात्री दुसऱ्या खेपेला दादाची व्हॅन डाव्या अंगाने त्याच्यात घुसली. मागच्या सहाही जणी खरचटण्यावर वाचल्या. दादाचा उजवा हात मोडला, तीन बरगड्या मोडल्या. रेडिओ जागच्या जागी गेली. ती मागे तिच्या खिडकीपाशी असती तर तिलाही खरचटण्यापलीकडे काही झालं नसतं.

चौकशीत कुणाला फार डोकं लढवावं लागलं नाही. रेडिओच्या बहिणीने जबाब दिला, की ड्रायव्हरला झोप येते म्हणूनच ती पुढे बसायची, घरी तसं सांगायची. माझी शक्कल दादाच्या गळ्यातला फास झाली. ड्रायव्हरला झोप येते हे त्याला माहीत होतं, दोन महिने माहीत होतं, तरी तो गाडी चालवत राहिला. दादानेही खाटेवर पडल्या पडल्या डाव्या हाताने सही केली. ‘मी झोपलो. चूक माझी,’ असं त्याने स्वतःच लिहून घ्यायला लावलं.

जामीन झाला, दादा घरी आला. आठवड्याने वहिनी भर दुपारी गाळ्यावर आली. ती कधी गाळ्यावर येत नसे. उभ्या उभ्याच बोलली.

‘भावजी, वकील म्हणतात गाडीत काही दोष निघाला तर बरंच हलकं होईल. नाहीतर काही वर्षं आत जावं लागेल म्हणतात. ब्रेकचं बघून झालं, ब्रेक ठीक निघाले. दिव्यांचं काही निघतं का हो?’

माझ्या हातात एक होल्डर होता. त्याच्याकडे बघत मी म्हणालो, ‘दिवे ठीक होते वहिनी.’

‘हो ना. तुम्ही बघत होता म्हणजे ठीकच असणार. मी आपलं उगाच विचारलं. राग मानू नका.’

राग मानू नका! ती गेल्यावर मी अर्धा तास तो होल्डर हातात घेऊन बसलो. मला माझी किळस आली होती. पण किळस येणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. तोंड उघडलं की गाळा जातो, सही खोटी ठरते, वर मीच आरोपी. आणि दादाने कबूल केलंच आहे, असंही मी स्वतःला सांगितलं. त्याला वाटतं तो झोपला, मग झोपलाच असेल की.

पोलीस चौकीच्या आवारात जागा नव्हती म्हणून मोडकी व्हॅन मालकाच्याच आवारात ठेवली होती, भोवती दोरी बांधून. कायदा म्हणजे ती दोरी. डावा दिवा चक्काचूर झाला होता, उजवा शाबूत होता. वाहन तपासणीचे साहेब परवा येणार म्हणून मालकाचा निरोप आला. मी गेलो तर मालकाने मला बाजूला घेतलं.

‘तो उजवा दिवा फार पिवळा दिसतोय रे. बघणाऱ्याला उगाच शंका यायची. चिठ्ठीवर तुझी सही आहे. मी तुझ्यासाठीच सांगतोय.’

‘दोरी आहे,’ मी म्हणालो.

‘दोरीखालून वाकून जाता येतं,’ मालक म्हणाला.

मी वाकून गेलो. जाड पेपर, बारीक पेपर, फडकं, लॅकर. एकवीस वर्षांची सवय, हात आपोआप चालत होते. बाजूची सीट माझ्या डोळ्यांसमोर होती. पुढची काच नव्हतीच, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. सीटच्या फटीत एक केसांची पिन अडकलेली होती. मी ती बघितली आणि दिवा घासत राहिलो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा सांगतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला साहेब आले. त्यांना सडकून सर्दी झाली होती, नाहीतर लॅकरचा वास त्यांना आल्याशिवाय राहिला नसता. बरोबर एक हवालदार. मालक खुर्च्या मांडून तयार. दादालाही हजर राहायला सांगितलं होतं. तो गळ्यात हात अडकवून आला, बरोबर वहिनी. मी त्याला अपघातानंतर दोनदाच भेटलो होतो, आणि दोन्ही वेळा घाईत असल्याचं सोंग केलं होतं. तो वाळला होता. चष्मा सैल होऊन नाकावर घसरत होता.

साहेबांनी बॅटरी जोडायला सांगितली. मी जोडली. दिवा लागला. वर ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी दिव्यासमोर तळवा धरला, तळवा उजळला. ‘अप्पर,’ ते म्हणाले. मी अप्पर लावला. ‘डिप्पर.’ डिप्पर लावला. त्यांनी नाक पुसलं आणि कागदावर लिहायला घेतलं.

‘उजवा दिवा चालू, काच स्वच्छ,’ ते लिहिता लिहिता मोठ्याने बोलले. मग दिव्याकडे पुन्हा बघून थबकले. सगळी व्हॅन धुळीने माखलेली, पत्रा चुरगळलेला, आणि तो एक दिवा नव्यासारखा लखलखत होता. आता ते विचारणार, मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही, पण त्यांच्या आधी दादा बोलला.

‘साहेब, एवढ्या अपघातानंतरही कसा चकचकीत आहे बघा,’ तो म्हणाला. ‘माझ्या धाकट्या भावाच्या हातचं काम आहे. दिव्यांना बोल लावू नका. दिवे ठीकच होते, मीच कमी पडलो.’

आणि त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मला धीर देत होता तो. गळ्यात हात अडकवलेला, तुरुंगाच्या दारात उभा असलेला माझा भाऊ मला धीर देत होता, की घाबरू नकोस, तुझ्यावर काही येऊ देणार नाही.

‘साहेब,’ मी म्हणालो. ‘हा दिवा एकदा रात्री येऊन बघा.’

‘रात्री?’ साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘आमचं कार्यालय सहाला बंद होतं.’

‘माझाही गाळा सहालाच बंद होतो,’ मी म्हणालो.

मालक खुर्चीतून उठला. ‘त्याचं डोकं ठिकाणावर नाही साहेब, घरातलं प्रकरण आहे.’ मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. चार स्क्रू काढून दिवा वायरींसकट उपसला, वायरी तोडल्या आणि दिवा फरशीवर आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, माझंच काम होतं, घट्ट बसवलेलं. दुसऱ्या फटक्यात काच सुटली. मी आतला रिफ्लेक्टर साहेबांच्या हातात दिला. जिथे चांदीसारखं चकाकायला हवं होतं तिथे सगळं करपून तपकिरी झालं होतं, मधे तर काळं. साहेबांनी बोट फिरवलं, बोटाला काजळी लागली.

‘या दिव्याने रात्री वीस पावलांपलीकडचं दिसत नाही,’ मी म्हणालो. ‘वर्ष झालं. शंभरचा बल्ब मी घातला. काच दर पासिंगला मी घासली. ही परवा घासली, दोरीखालून जाऊन. चिठ्ठीवर सही माझी आहे. तीसुद्धा दिवसाच केलेली. नवी व्हॅन चालवली त्या आठवड्यात त्याला झोप येत नव्हती, तेव्हाच मला कळलं होतं.’

साहेब सर्दी विसरले. हवालदाराने मालकाला बसायला सांगितलं. वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि तिने तोंडावर जो पदर धरला तो तिथून जाईपर्यंत काढला नाही. मला कुणी काही विचारत होतं, माझं नाव, गाळ्याचा पत्ता, मी उत्तरं देत होतो. दादा मात्र मागे पडलेल्या एका टायरवर जाऊन बसला. कागद झाल्यावर मी त्याच्याजवळ गेलो.

‘म्हणजे मी झोपलो नव्हतो?’ त्याने विचारलं.

नाही म्हणावं असं फार वाटलं. त्याच्या चेहऱ्यावर एवढी आशा मी कधी बघितली नव्हती. पण खोटं बोलून बोलून मी इथवर आलो होतो.

‘झोपलास दादा. पण तुला झोपवलं मी. रोज रात्री तू डोळे फोडून काळोखात कड शोधत होतास. कुणीही झोपला असता.’

त्याने डाव्या हाताने गळ्यातली पट्टी सारखी केली. शिव्या दे, मी मनात म्हणत होतो, मार मला, डावा हात चांगला आहे तुझा.

‘शेवटी ती मुलाच्या दाताचं सांगत होती,’ दादा म्हणाला. ‘दुधाचा दात पडला, तर तो त्याने शाळेत नेऊन बाईंना विकायला काढला. मी हूं म्हणालो. मग अजून एकदा म्हणालो. पुढचं मला काही आठवत नाही. पण मागच्या सीटवरची एक जण जागी होती. ती मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, भाऊ, तुम्ही तर धडकेपर्यंत हूं म्हणत होता, मग झोपलात कसे?’

त्याने चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

‘मी झोपेतच हूं म्हणत होतो रे. म्हणून तिला कळलं नाही.’

गाळ्याला आता सील आहे. मालकावर खटला आहे, माझ्यावर आहे, दादाचा बराच हलका झाला. वकील म्हणतात तो आत जाणार नाही. मी जाईन बहुतेक, तारीख लागायची आहे. तोवर रोज दुपारी मी त्याच्याकडे जातो. वहिनी दार उघडते आणि पाठ फिरवून आत जाते. दादा खिडकीपाशी बसलेला असतो. मी त्याला रांगेतल्या गोष्टी सांगतो, कोर्टाचं सांगतो, कुणाची पोरगी पास झाली ते सांगतो. तो हूं म्हणतो. मी थांबलो तरी थोड्या वेळाने पुन्हा हूं म्हणतो. मग मी बोलत राहतो.